रुचीचा रसायनज्ञ : किकुनाए इकेदा

काही माणसांचे नाव त्यांच्या कार्याच्या पुढे धावते, तर काहींचे कार्य इतके घरोघर पोहोचते की कर्त्याचे नाव त्यात मिठासारखे विरघळून जाते. आचार्य किकुनाए इकेदा हे या दुसऱ्या प्रकारातले. म्हापशाच्या बाजारात, साखळीच्या तिठ्यावर किंवा कुठल्याही जत्रेत 'चायनीज'च्या गाड्यावर जी पांढरी भुकटी चिमटीने टाकली जाते, तिला आपण सगळे अजिनोमोटो म्हणतो. ती चांगली की वाईट यावर तावातावाने वादही घालतो. परंतु ती शोधणारा माणूस कोण, कुठला आणि ती त्याने कशासाठी शोधली, हे शंभरातल्या एखाद्याला तरी ठाऊक असेल की नाही याची शंका आहे. सुमारे ९० वर्षांपूर्वी दिवंगत झालेल्या त्या जपानी रसायनज्ञाचा अल्प परिचय करून देण्याचा हा प्रयत्न आहे. शास्त्र शाखेच्या मित्रांनी वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याची ही घुसखोरी मानू नये. कारण या चरित्रात प्रयोगशाळा जेवढी आहे तेवढाच बाजारही आहे.

जपान आणि गोवा यांचा संबंध आपल्याला वाटतो त्यापेक्षा जुना आहे. १५४८ साली कागोशिमा गावचा आंजिरो नावाचा एक जपानी मनुष्य जुन्या गोव्यात येऊन राहिला होता. सेंट पॉल कॉलेजात त्याने शिक्षण घेतले, पाद्री फ्रान्सिस झेवियर यांना त्याने आपल्या देशाची माहिती पुरवली आणि पुढच्याच वर्षी, १५ ऑगस्ट १५४९ रोजी, तो त्यांना घेऊन कागोशिमाच्या किनाऱ्यावर उतरला. हे कागोशिमा म्हणजे सात्सुमा नावाच्या संस्थानाचे मुख्य ठाणे. आपले चरित्रनायक इकेदा यांचे घराणेही याच सात्सुमा संस्थानच्या चाकरीतले होते. योगायोग खरा, पण आठवणीत ठेवण्याजोगा.

इकेदांचा शोध समजण्यासाठी जपानी स्वयंपाकघरात थोडे डोकावले पाहिजे. ६७५ साली सम्राट तेन्मू यांनी गाय, घोडा, कुत्रा, माकड आणि कोंबडी यांचे मांस खाण्यास मनाई करणारी आज्ञा काढली. पुढे बौद्ध धर्माच्या प्रभावामुळे मांसाहार मागेच पडत गेला. १८७२ साली सम्राट मेइजी यांनी स्वतः गोमांस खाल्ल्याचे जाहीर झाले, तेव्हा कुठे हा सामाजिक निर्बंध सैल पडला. मग या बाराशे वर्षांत तिथल्या माणसाने भात कशाशी खाल्ला? मासे, सोयाबीन, भाज्या आणि समुद्रातील शेवाळ. उत्तरेकडील होक्काइदोच्या थंड समुद्रात कोंबू नावाचे रुंद पट्ट्यासारखे शेवाळ वाढते. ते वाळवून जहाजांनी ओसाकाला येई आणि तिथून खाली सात्सुमा, र्‍युक्यू बेटे व पुढे चीनपर्यंत जाई. या कोंबूच्या व्यापारावर सात्सुमा संस्थानाने चांगला पैसा मिळवला. जपानी गृहिणी कोंबूचा तुकडा पाण्यात टाकून त्याचा अर्क काढी. त्याला दाशी म्हणतात. आपल्याकडे नारळाच्या रसाला जो मान, तो तिकडे दाशीला.

किकुनाए इकेदा यांचा जन्म ८ ऑक्टोबर १८६४ रोजी क्योतो शहरात झाला. ते वडिलांचे दुसरे पुत्र. वडील सात्सुमा संस्थानचे सामुराई होते. मुलगा चार वर्षांचा होतो न होतो तोच जपानात राज्यक्रांती झाली, सम्राटाची सत्ता पुन्हा स्थापन झाली आणि पुढच्या काही वर्षांत सामुराईंची वतने व तलवारी दोन्ही गेल्या. ज्यांच्या पिढ्या तलवारीवर जगल्या, त्यांच्या मुलांना आता विद्येवर जगणे भाग होते. इकेदांनी रसायनशास्त्राची वाट धरली. तोक्योच्या शाही विद्यापीठातून १८८९ साली ते पदवीधर झाले, काही वर्षे शिक्षकांच्या महाविद्यालयात त्यांनी अध्यापन केले आणि १८९६ साली ते आपल्याच विद्यापीठात सहप्राध्यापक झाले.

१८९९ साली सरकारने त्यांना उच्च अभ्यासासाठी जर्मनीत पाठवले. लाइपझिग येथे विल्हेल्म ओस्टवाल्ड या विख्यात रसायनज्ञाच्या प्रयोगशाळेत त्यांनी काम केले. तिथे त्यांनी भौतिक रसायनशास्त्र तर शिकलेच, पण आणखी दोन गोष्टी त्यांच्या मनात घर करून राहिल्या. पहिली, जर्मन माणसांची धिप्पाड शरीरे आणि त्यांचा सकस आहार; त्यापुढे आपले देशबांधव त्यांना खुजे व अर्धपोटी वाटले. दुसरी, तिथल्या जेवणातील टोमॅटो, शतावरीचे कोंब, चीज आणि मांस या अगदी निरनिराळ्या पदार्थांत त्यांना एक समान चव जाणवली. ती गोड नव्हती, आंबट नव्हती, खारट नव्हती आणि कडूही नव्हती. १९०१ साली मायदेशी परतताना ते लंडनला थांबले. तिथे काही आठवडे ते आणि जपानचे श्रेष्ठ कादंबरीकार नात्सुमे सोसेकी एकाच बिऱ्हाडात राहिले. दोघांच्या गप्पांचा सोसेकींवर इतका परिणाम झाला, की साहित्याचा अभ्यासही शास्त्रीय पायावर करावा असे त्यांनी ठरवले. त्याच वर्षी इकेदा तोक्योला प्राध्यापक झाले.

यानंतरची गोष्ट १९०७ सालची. घरी कोंबूच्या पाण्यात उकडलेला तोफू, म्हणजे सोयाबीनचे पनीर, जेवणात होते. साध्या पाण्यासारख्या दिसणाऱ्या त्या रसाला एवढी चव कुठून येते, असा प्रश्न त्यांना पडला, असे त्यांच्या चरित्रात सांगतात. लाइपझिगला जाणवलेली तीच चव त्यांना इथे निर्मळ स्वरूपात सापडली. याच सुमारास मियाके हिइझू या वैद्यकतज्ज्ञांचे रुचकर अन्न चांगले पचते असे प्रतिपादन त्यांच्या वाचनात आले. गरिबाच्या भातावर मांस वाढणे आपल्या हाती नाही, पण मांसासारखी चव स्वस्तात देता आली तर तो साधे अन्नही पोटभर खाईल, असा विचार त्यांनी केला. शोधामागचा हा हेतू लक्षात ठेवण्यासारखा आहे.

त्यांनी कोंबूचा अर्क काढण्यास आरंभ केला. कोंबूवर जी पांढरी भुकटी दिसते ती मॅनिटॉल ही साखरेसारखी वस्तू. ती वेगळी केली, चव तशीच राहिली. क्षार वेगळे केले, तरी चव राहिली. असे एकेक घटक बाजूला सारत, कित्येक किलो कोंबू खर्ची घालून, १९०८ साली जेमतेम ३० ग्रॅम स्फटिक हाती आले. ते ग्लुटॅमिक आम्लाचे होते. हे आम्ल नवे नव्हते. १८६६ साली रिटहाउझेन या जर्मन रसायनज्ञाने ते गव्हाच्या चिकापासून मिळवले होते. परंतु ४२ वर्षे कुणाला त्याच्या क्षाराची चव घेऊन पाहावीशी वाटली नव्हती. इकेदांनी सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम अशा निरनिराळ्या क्षारांची चव घेतली आणि सोडियमचा क्षार सर्वात उत्तम ठरवला. साखर २०० भाग पाण्यात आणि मीठ ४०० भाग पाण्यात जिभेला कळेनासे होण्याच्या बेतात येते. हा क्षार ३००० भाग पाण्यातही कळतो, असे त्यांनी नोंदवले.

या चवीला त्यांनी 'उमामी' असे नाव दिले. जपानी भाषेत त्याचा अर्थ रुचकरपणा. पाश्चात्त्य शास्त्र तेव्हा चारच चवी मानीत असे. आपल्या पूर्वजांनी मधुर, आम्ल, लवण, कटू, तिक्त आणि कषाय असे षड्रस सांगितले आहेत. त्या सहांतही ही चव स्वतंत्रपणे येत नाही. मात्र 'रुची' हा जो शब्द आपण मराठीत आणि आपले कन्नड मित्र 'रुचि' म्हणून वापरतात, तो उमामीच्या अर्थाच्या बराच जवळ जातो.

आता बाजाराकडे वळू. २४ एप्रिल १९०८ रोजी इकेदांनी एकस्वासाठी अर्ज केला आणि २५ जुलै रोजी त्यांना १४८०५ क्रमांकाचे एकस्व, म्हणजे पेटंट, मिळाले. पण पेटंट म्हणजे माल नव्हे. माल काढायला भांडवल, कारखाना आणि जोखीम घेणारा माणूस लागतो. तो त्यांना साबुरोसुके सुझुकी यांच्या रूपाने भेटला. सुझुकींच्या घरचा धंदाच समुद्राच्या शेवाळापासून आयोडीन काढण्याचा होता. ते पेटंटात भागीदार झाले आणि २० मे १९०९ रोजी 'अजिनोमोटो' या नावाने माल बाजारात आला. अजिनोमोटो म्हणजे चवीचे मूळ. शास्त्रीय नाव मोनोसोडियम ग्लुटामेट.

कोंबू महाग, म्हणून कच्चा माल म्हणून गव्हाचे चीक घेतले. ते हायड्रोक्लोरिक आम्लात उकळावे लागे. आम्लाने भांडी खाऊन टाकली, तेव्हा मातीची मोठी रांजणे वापरावी लागली. चीक काढल्यावर उरलेला गव्हाचा स्टार्च कापड गिरण्यांना खळीसाठी विकला. उपपदार्थाला गिऱ्हाईक मिळाले नाही तर मुख्य माल परवडत नाही, हा परिव्ययशास्त्राच्या पुस्तकातला धडा सुझुकींनी तिथे प्रत्यक्ष गिरवला. तरीसुद्धा पहिली काही वर्षे तोट्याचीच गेली.

त्यातच एक विचित्र अफवा उठली. ही भुकटी सापांपासून करतात, असे लोक बोलू लागले. १९२० च्या सुमारास ही कुजबुज इतकी वाढली की कंपनीला वर्तमानपत्रांत जाहिराती देऊन तिचा इन्कार करावा लागला. गव्हापासून होणाऱ्या वस्तूला सापाची ठरवायला पुरावा लागला नाही. ती निराधार आहे हे पटवायला मात्र वर्षे लागली. हा प्रसंग पुढे पुन्हा आठवावा लागणार आहे.

इकेदा धंद्यात गुंतून पडले नाहीत. १९१७ साली स्थापन झालेल्या 'रिकेन' या जपानच्या मोठ्या संशोधन संस्थेत ते रसायन विभागाचे प्रमुख झाले. १९२३ साली विद्यापीठातून निवृत्त झाल्यावर ते पुन्हा जर्मनीला गेले आणि १९३१ साली परतेपर्यंत तिथे संशोधन करीत राहिले. ३ मे १९३६ रोजी तोक्यो येथे, वयाच्या ७१ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. १९८५ साली जपानच्या पेटंट कार्यालयाने देशातील दहा थोर संशोधक निवडले, त्यांत इकेदांचे नाव होते.

त्यांची परंपरा पुढच्या संशोधकांनी चालवली. १९१३ साली शिंतारो कोदामा यांनी वाळवलेल्या बोनितो माशातील चवीचे मूळ इनोसिनेट असल्याचे दाखवले. १९५७ साली अकिरा कुनिनाका यांना अळंब्यांतील ग्वानिलेटचा शोध लागला. ग्लुटामेट आणि हे पदार्थ एकत्र आले की चव बेरजेने वाढत नाही, पटींनी वाढते, असेही त्यांना आढळले. जपानी दोन्बुरी म्हणजे भाताचा वाडगा इतका चवदार का लागतो, याचे उत्तर इथे आहे. मांसात इनोसिनेट, कोंबूत ग्लुटामेट, आणि दोघांचा मिलाफ खालच्या भातात मुरलेला.

ज्यांना करून पाहायचे असेल त्यांच्यासाठी कृती थोडक्यात सांगतो. बोटभर लांबीचा कोंबू अर्धा लिटर पाण्यात अर्धा तास भिजवावा, मंद आचेवर ठेवावा आणि पाण्याला उकळी फुटण्याआधी काढून घ्यावा. उकळल्यास रस बुळबुळीत व कडसर होतो. या दाशीचे कपभर पाणी, दोन मोठे चमचे सोया सॉस आणि चमचाभर साखर एकत्र उकळावी. त्यात उभा चिरलेला कांदा व मांसाचे पातळ काप शिजवावेत. पालेभाजी मिठाच्या उकळत्या पाण्यात मिनिटभर बुडवून, गार पाण्यात काढून, पिळून घ्यावी. वाडग्यात गरम भात, त्यावर रसासकट मांस, बाजूला भाजी आणि वर नोरीच्या, म्हणजे कागदासारख्या वाळवलेल्या शेवाळाच्या, विस्तवावर शेकून कातरलेल्या पट्ट्या. संपला स्वयंपाक.

पेडण्याच्या किंवा डिचोलीच्या घरात कोंबू सहजी मिळणार नाही. तेव्हा मूठभर सुकी सुंगटे भाजून, गरम पाण्यात भिजवून त्यांचे पाणी घ्यावे. मांस कोंबडीचे, भाजी मुळ्याच्या पाल्याची, आणि भात उकड्याऐवजी सुरय तांदळाचा, जरा मऊ. जपानी माणूस याला आपला म्हणणार नाही, पण चवीचे शास्त्र तेच राहील. नाही तरी पावसाळ्यापूर्वी पुरुमेताची सुकी सुंगटे डब्यात भरून ठेवणारी आणि पेजेबरोबर किसमूर वाढणारी आपली आजी इकेदांचे नाव न ऐकताच उमामी जाणत होती. केरी-तेरेखोलच्या खडकांवरचे शेवाळ आपण पायाखाली तुडवतो. मात्र ज्या 'चायना ग्रास'ने आपण घरी जेली करतो, तेही शेवाळापासूनच होते हे पुष्कळांच्या गावी नसते.

आता त्या अफवेकडे पुन्हा येऊ. १९२३ पासून शांघायमध्ये वू युनचू यांच्या कारखान्यात हाच पदार्थ चिनी नावाने होऊ लागला आणि चिनी स्वयंपाकात रुळला. १९६८ साली अमेरिकेतील एका डॉक्टरने वैद्यकीय नियतकालिकाला पत्र लिहिले. चिनी उपाहारगृहात जेवल्यावर आपल्याला मानेला बधिरपणा आणि धडधड जाणवते, असे त्यात सांगून त्यांनी काही संभाव्य कारणे मांडली; ग्लुटामेट हे त्यांतले एक होते. लोकांनी बाकीची कारणे सोडली आणि तेवढेच धरले. त्यानंतर अनेक चाचण्या झाल्या. रिकाम्या पोटी, अन्नाशिवाय, एकदम मोठी मात्रा घेतल्यास थोड्या लोकांना किरकोळ व तात्पुरता त्रास होऊ शकतो. परंतु जेवणातील नेहमीच्या प्रमाणात काय दिले हे माणसाला कळू न देता घेतलेल्या चाचण्यांत असा त्रास सातत्याने सिद्ध झालेला नाही. टोमॅटोतील, आईच्या दुधातील आणि भुकटीतील ग्लुटामेट यांत आपले शरीर भेद करीत नाही. २००० सालानंतर जिभेवर ही चव ओळखणारी ग्राहके सापडली आणि उमामी पाचवी मूळ चव म्हणून मान्य झाली. आज हा पदार्थ सूक्ष्मजीवांकरवी किण्वनाने, आपल्या दह्या-आंबवणाच्या मार्गाने, तयार होतो. ही पद्धत १९५६ साली जपानातच शोधली गेली.

हा वाद आपल्या दारातही येऊन गेला आहे. २०१५ साली मॅगी नूडल्सवर देशभर बंदी आली. शिशाचे प्रमाण आणि पाकिटावरील 'ग्लुटामेट घातलेले नाही' हा मजकूर, असे दोन मुख्य आक्षेप होते. शिशाचा प्रश्न आरोग्याचा होता. दुसरा प्रश्न शब्दांचा होता. गव्हात, कांद्याच्या भुकटीत व शेंगदाण्याच्या प्रथिनात ग्लुटामेट मुळातच असते, त्यामुळे वेगळे घातले नाही तरी ते तपासणीत सापडणारच. ऑगस्ट २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने बंदी रद्द करून नव्याने तपासणीचा आदेश दिला. नमुने त्यात उत्तीर्ण झाले आणि उत्पादन सुरू झाले ते कर्नाटकातील नंजनगूड, पंजाबातील मोगा आणि आपल्या डिचोलीच्या कारखान्यांत. २०१२ साली खाणी थांबल्यापासून डिचोली तालुक्यात रोजगाराचे मोल काय आहे, हे इथल्या विद्यार्थ्याला समजावून सांगण्याची गरज नाही. पाकिटावरचा एक शब्द आणि लोकांच्या मनातला एक संशय किती चुलींशी जोडलेला असतो, हे त्या पाच महिन्यांत दिसले. म्हणून उत्पादकाने शब्द अचूक वापरावा आणि ग्राहकाने संशय तपासून घ्यावा, ही दोन्ही कर्तव्ये सारखीच आहेत.

याचा अर्थ गाड्यावरचे सर्व काही निर्धोक आहे असा नव्हे. पुन्हा पुन्हा तापवलेले तेल, कपड्याचे रंग आणि अस्वच्छ पाणी ही खरी भीती आहे. कर्नाटक सरकारने २०२४ साली गोबी मंचुरीत कृत्रिम रंग वापरण्यास बंदी केली, ती रंगांमुळे. शिवाय ग्लुटामेटातही सोडियम असतेच, तेव्हा मिठाप्रमाणे त्यालाही मर्यादा हवी. शिळ्या वा निकृष्ट मालाचा दोष झाकण्यासाठी कुणी ही भुकटी वापरीत असेल, तर दोष वापरणाऱ्याचा, शोधणाऱ्याचा नव्हे.

मित्रहो, इकेदांनी घरच्या ताटातला एक प्रश्न उचलला, तो प्रयोगशाळेत सोडवला, व्यापाऱ्याच्या हातून बाजारात पोहोचवला आणि स्वतः पुन्हा प्रयोगशाळेत जाऊन बसले. गरिबाचा घास रुचकर व्हावा ही त्यांची इच्छा होती. आज त्यांच्या शोधाचे नाव आपल्याकडे शिवीसारखे उच्चारले जाते, आणि त्यांचे स्वतःचे नाव तर उच्चारलेच जात नाही. निदान या अंकाच्या वाचकांनी तरी पुढच्या वेळी अजिनोमोटोवर वाद घालताना त्या सामुराईच्या मुलाचे नाव घ्यावे, आणि मत बनवण्यापूर्वी त्याच्यासारखाच एकेक घटक वेगळा करून पाहावा. त्या थोर रसायनज्ञाच्या स्मृतीला विनम्र अभिवादन.

— द्वितीय वर्ष, वाणिज्य शाखा